अभ्यासाला बसलं की दहा मिनिटांत मन भरकटतं. एकाग्रता सरावाने वाढते का?

हो, वाढते. पण आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. टेबलावर पालथा घातलेला फोनही मन ओढत राहतो.

मग २५ मिनिटांचा गजर लावा आणि एकच काम घ्या. शेजारी कोरा कागद ठेवा. "वीजबिल भरायचंय" असं काही आठवलं की दोन शब्दांत तिथे लिहा आणि परत पुस्तकात या. मन भटकलं की एक रेघ ओढा. माझ्या पहिल्या दिवशी सतरा रेघा होत्या, महिन्याभराने चार-पाच. मन भटकणारच, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. ते परत आणणं हाच खरा व्यायाम आहे.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. त्यात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा असतो. दर गोळीला श्वास नव्याने स्थिर करायचा, आधीची चुकली तरी. तुमची पंचवीस मिनिटंही तशीच घ्या, सकाळची वाया गेली तर दुपारची नव्याने.

आणि झोप मोडून अभ्यास करू नका. जागरणाने शिणलेलं मन कशावरच ठरत नाही.