ती वाटी फेकू नका

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावीत आहे, तिला सिमेंटचं रसायनशास्त्र शिकायचंय आणि तिनं कॉम्प्युटरला जावं असं तुम्हाला वाटतं. इथवर ठीक. पण ‘तिला न सांगता मीच फॉर्म भरून टाकला’ हे वाक्य तुम्ही इतक्या सहज लिहिलंय, की मी अस्वस्थ झाले. गणिताच्या मार्कांवर अर्धं पान आहे; तिला हा विषय का आवडतो, यावर एक ओळ नाही. तुम्ही विचारलंच नसावं. फॉर्मचं तिला आजच सांगा. दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर पुढचं काहीच ती तुमच्या कानावर घालणार नाही.

आता त्या वाटीबद्दल. तिनं सिमेंट कालवून वाटी पाण्यात बुडवून ठेवली आणि तुम्ही लिहिता, ‘पाण्यात ते वाळणार कसं, एवढंही हिला कळत नाही.’ तिला कळतंय. चूक तुमची आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. त्यातली कॅल्शियम सिलिकेटं पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून होणारा जेलीसारखा पदार्थ वाळू-खडीला धरून ठेवतो. पाणी लवकर उडून गेलं, तर ही क्रिया अर्धवट राहते. म्हणून तर नव्या स्लॅबवर दिवसचे दिवस पाणी मारतात. पुलाचा पाया पाण्याखाली ओतता येतो, तोही यामुळेच.

‘पोर्टलंड सिमेंटचं (म्हणजे आपल्या नेहमीच्या सिमेंटचं) पेटंट 1824 चं, आता शोधायचं काय उरलंय?’ असं तुम्ही विचारता. खूप उरलंय. क्लिंकर, म्हणजे ज्यांची पूड करून सिमेंट होतं ते चुनखडी-मातीचे खडे, भाजायला सुमारे 1450 अंश सेल्सिअस लागतात, पण इंधन बदलूनही प्रश्न सुटत नाही, कारण तापवल्यावर चुनखडी स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते. जगातल्या या वायूच्या उत्सर्जनाचा सुमारे 7-8 टक्के वाटा सिमेंटचा आहे. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड मिसळून सिमेंटमधलं क्लिंकर जवळपास निम्म्यावर आणता येतं. हे काम करायला रसायनशास्त्र जाणणारी माणसं लागतात, आणि तुमच्या घरातली एक मुलगी आपणहून वाटीत ते करून बघतेय!

सिव्हिलमध्ये सिमेंटचं रसायनशास्त्र जेमतेम येतं. तिनं मटेरियल्स, केमिकल किंवा सरळ रसायनशास्त्राची पदवी बघावी.

फॉर्म मागे घेता येतो का, ते तिला शेजारी बसवून तपासा. आणि वाटी अजून जागेवर असेल, तर ती बाहेर कधी काढायची हे तिलाच ठरवू द्या.