प्रायॉन हा विषाणूच असतो ना? नसेल तर ते कसं कळलं?

नाही, विषाणू नाही; प्रायॉन म्हणजे रोग पसरवणारं, चुकीची घडी पडलेलं प्रथिन. पण आधी सगळे शास्त्रज्ञ 'मंद विषाणू'च (टोचल्यावर फार उशिरा आजारी पाडणारा विषाणू) शोधत होते, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे.

प्रायॉनमुळे होणारे दोन रोग बघा. मेंढ्यांना स्क्रेपी होतो तेव्हा मेंढी कुंपणाला अंग घासून घासून लोकर उपटते, पुढे तोल जाऊन मरते. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये कुरू हा मेंदूचा रोग पसरला तो मृत नातेवाइकांचं शरीर खाण्याच्या विधीतून. दोन्हींत मेंदूची चाळण होते. हे साम्य १९५९ मध्ये हॅडलो या पशुवैद्यकाने दाखवलं. मग गायडुशेक या संशोधकाच्या गटाने कुरूच्या रुग्णांच्या मेंदूचा अंश चिंपांझींना टोचला. ते आजारी पडायला दीड-दोन वर्षं लागली, पण रोग संसर्गजन्य आहे हे पक्कं झालं.

खरी मेख टिक्वा आल्पर या शास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगात आहे. १९६०च्या दशकात त्यांनी स्क्रेपीच्या नमुन्यावर अतिनील किरण सोडले. विषाणूला डीएनए किंवा आरएनए लागतंच; ते उद्ध्वस्त करणाऱ्या त्या माऱ्यानंतरही संसर्ग शाबूत! १९८२ मध्ये प्रुसिनर या शास्त्रज्ञाने म्हटलं, हे नुसतं प्रथिन आहे, आणि त्याला 'प्रायॉन' नाव दिलं. तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं. १९९७ मध्ये नोबेल मिळालं.

हे प्रथिन आपल्या मेंदूत मुळातच असतं. त्याची चुकीची घडी पडलेला रेणू शेजारच्या चांगल्या रेणूचीही घडी बिघडवतो, इतकंच. मला सर्वात पटणारा पुरावा उंदरांचा: ज्यांच्यात या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलं, त्यांना स्क्रेपी टोचूनही काही झालं नाही.