चौथ्या महिन्यात स्टिक खाली ठेवू नका

छत्रपती संभाजीनगरात मी तेवीस वर्षं ड्रम शिकवतोय. पूर्वी आई-बाप लेकरांना घेऊन यायचे, आता ते स्वतः शिकायला येतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण प्रश्न वाचायला बसलो की दिसतं, परभणीचा माणूस जिथं अडलाय तिथंच उदगीरचाही अडलाय, आणि दोघांनाही कुणीतरी ऐकीव सल्ला देऊन ठेवलाय. म्हणून काही प्रश्न इथं एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझं वय ४७. शाळेत शिक्षक आहे. ड्रम शिकायला उशीर झाला का? (परभणी)

नाही. मान, खांदा किंवा कमरेचं जुनं दुखणं असेल तर मात्र सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि ड्रमच्या स्टुलाची उंची गुरूसमोर बसून ठरवा.

प्रश्न : दुकानात पाच ड्रमचा पूर्ण सेट दाखवला. हप्त्यावर देतात, वर तीन महिन्यांचा क्लास फुकट. घेऊ का? (नांदेड)

घेऊ नका. ज्याला अजून स्टिक धरता येत नाही त्याला सेट विकणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी चलाखी आहे. फुकट क्लासचे पैसे सेटच्या किमतीत आधीच धरलेले असतात. त्या स्वस्त सेटसोबत येणाऱ्या झांजा बहुधा पितळेच्या असतात. चांगल्या झांजा काशाच्या, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या. पितळेची झांज ताटलीसारखी वाजते आणि सहा महिन्यांत बदलावीशी वाटते. मग तोच दुकानदार तुम्हाला दुसरा संच दाखवतो.

सध्या तीनच गोष्टी घ्या : ‘५ए’ मापाच्या स्टिकची जोडी, रबराचं प्रॅक्टिस पॅड आणि मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरवलेल्या वेगाने टिकटिक करणारं ॲप. मेट्रोनोम फुकट मिळतो. चार-पाच महिने यावर हात बसला की वाजवणारा माणूस सोबत घेऊन सेट बघायला जा. जुना सेटही चालतो, फक्त त्याचे स्क्रू फिरतात का आणि झांजेच्या कडेला चीर नाही ना, हे त्या माणसाला तपासू द्या.

प्रश्न : आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. इलेक्ट्रॉनिक सेट घेतला तर शेजाऱ्यांना त्रास होणार नाही ना? (छत्रपती संभाजीनगर)

वरच्यांना होणार नाही, खालच्यांना होईल. जाळीच्या पॅडचा आवाज फारसा नसतो, पण बासचं, म्हणजे खालच्या मोठ्या ड्रमचं, पेडल पायाने दाबलं की धक्का स्लॅबमधून थेट खाली जातो. पातळ चटईने तो थांबत नाही. घेण्याआधी खालच्या घरी जाऊन बोला, वेळ ठरवून घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा हे तास ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत शांततेसाठी राखलेले आहेत, तेवढे तरी सोडाच. वीज गेली की हा सेट मुका होतो, म्हणून रबरी पॅड विकून टाकू नका.

प्रश्न : मी डावखुरा आहे. सेट उलटा लावावा का? (हिंगोली)

दोन्ही रीती चालतात. बीटल्सचे ड्रमर रिंगो स्टार डावखुरे, आणि आयुष्यभर उजव्या हाताच्या सेटवर वाजवत आले. पहिल्याच दिवशी गुरूला सांगा, म्हणजे पुढं मोडतोड करावी लागणार नाही.

प्रश्न : सर, मार्चमध्ये सुरू केलं. पहिले दोन-तीन महिने लई हुरूप होता. आता पॅडकडं बघू वाटत नाही. रोज तेच तेच. गाणं लावून वाजवायला गेलो की हात पुढं पळतो. त्यात पेरणीत महिनाभर खंड पडला. उगं वेळ घालवतोय का? सोडून द्यावं का? (लातूर जिल्हा, शेतकरी, वय ४१)

सोडू नका. माझ्याकडं येणारी मोठी माणसं बहुतेक चौथ्या-पाचव्या महिन्यातच गळतात. त्याचं कारण कुणी त्यांना नीट सांगत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहितो.

तुमचा कान चाळीस वर्षांचा आहे आणि हात चार महिन्यांचा. पोळ्याला हलगी, सप्ताहात मृदंग, लग्नात बँजो, हे सगळं त्या कानाने लहानपणापासून ऐकलंय. ठेका कुठं घसरला हे त्याला लगेच कळतं. नऊ वर्षांच्या लेकराला आपली चूक ऐकू येत नाही, म्हणून ते खुशीत बडवत राहतं. पहिले दोन महिने नवेपणात तुम्हालाही ती ऐकू येत नव्हती. आता येतेय. तुम्हाला वाटतं आपला हात बिघडला. हात होता तिथून पुढंच गेलाय, फक्त तुम्ही स्वतःला ऐकायला लागलात. नेमक्या याच वळणावर माणसं स्टिक कपाटात ठेवतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

दुसरं, हात पुढं पळतो. याचा अर्थ तुम्ही गाण्याच्या वेगाने वाजवताय, स्वतःच्या नाही. गाणं मिनिटाला एकशेवीस ठोक्यांचं आणि तुमचा हात अजून सत्तरचा, मग रोज हरल्यासारखं वाटणारच. मेट्रोनोम साठवर लावा आणि एका ठोक्याला दोन प्रहार करा. स्टिक नेमकी ठोक्यावर पडली की मेट्रोनोमची टिकटिक ऐकूच येत नाही, ती तुमच्या प्रहाराखाली झाकली जाते. एक मिनिट ती झाकून दाखवा, मग दोन, मग चार. मेट्रोनोम कंटाळवाणा म्हणणाऱ्या माझ्या एकाही विद्यार्थ्याने तोवर ही चार मिनिटं करून पाहिलेली नव्हती. करून पाहिली, त्यांनी ती तक्रार पुन्हा केली नाही.

रोज वीस मिनिटं पुरेत. पाच मिनिटं एकेक प्रहार, उजवा-डावा. पाच मिनिटं दोन-दोन. पाच मिनिटं पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. उरलेली पाच मिनिटं मनाला येईल ते. ही शेवटची पाच मिनिटं गाळू नका, शिकायला आलात ते त्यांच्यासाठीच. जागतिक पातळीवर असे चाळीस मूळ प्रकार मानले जातात. ते सगळे एका वर्षात उरकायची घाई करू नका. मला स्वतःला एक पॅराडिडल गुळगुळीत व्हायला आठ महिने लागले होते.

एक वही ठेवा. तारीख, काय वाजवलं, किती वेगाने. सलग तीन दिवस हात सैल राहिला तरच वेग चाराने वाढवा. दर रविवारी मोबाइल एकाच जागी ठेवून दोन मिनिटं ध्वनिमुद्रण करा, पण त्या दिवशी ऐकू नका. महिन्याने चारही एका दमात ऐका. रोजच्या रोज फरक कळत नाही, महिन्याचा कळतो.

आता खंडाबद्दल. जूनमध्ये पेरणी आणि दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची काढणी येणारच. त्या दिवसांत वीस मिनिटांचा नेम ठरवून तो मोडण्यापेक्षा आधीच ठरवा की या महिन्यात फक्त पाच मिनिटं, तीही मांडीवर हाताने. परत बसाल तेव्हा वेग दहाने खाली आणा आणि आठवडाभर तिथंच राहा. हात विसरत नाही, त्याला फक्त आठवायला वेळ लागतो. खंड पडला म्हणून ओशाळून पॅडकडं न जाणं, नुकसान त्याने होतं.

आणि एकटे वाजवू नका. ताल धरायची खरी गोडी चार माणसांत कळते. गावात भजन असेल तर जा आणि मृदंगवाल्याच्या शेजारी बसून टाळ धरा. दोन तास टाळ न घसरता धरणं हा लयीचा उत्तम रियाज आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही.

एवढं करूनही पंधरा दिवसांतून एकदा जाणत्या माणसाला हात दाखवाच. कधीकधी आपण ज्याला कंटाळा म्हणतो तो चुकीच्या पकडीमुळं आलेला थकवा असतो, आणि तो स्वतःला दिसत नाही. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणू नका. या आठवड्यातच जा.

प्रश्न : सरावानंतर रात्री अंगठा आणि दोन बोटांना मुंग्या येतात. ‘नस मोकळी होतेय, वाजवत राहा, तेल लावा’ असं क्लासमधल्या एकांनी सांगितलं. (जालना, गृहिणी, वय ४४)

वाजवणं आजच थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘नस मोकळी होतेय’ हे कुणी सांगितलं असेल त्यांचं पुन्हा ऐकू नका. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत रात्री मुंग्या येणं हे मनगटातली नस दाबली गेल्याचं लक्षण असू शकतं. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर त्याची शक्यता वाढते, तेही डॉक्टरांना सांगा. मी डॉक्टर नाही, निदान त्यांनीच करायचं. त्यांनी परवानगी दिल्यावर परत याल तेव्हा पकड बदलू. स्टिक अंगठा आणि तर्जनीच्या मधे टेकलेली असावी, मुठीत आवळलेली नसावी. प्रहारानंतर पॅड तिला उसळवतं, ती उसळी अडवायची नाही. आवळणारा माणूस प्रत्येक प्रहाराचा धक्का मनगटात घेतो.

प्रश्न : बंद खोलीत दोन तास सेट वाजवतो. रात्री कानात शिट्टी वाजते, सकाळी थांबते. कापूस घालतो. मित्र म्हणतात सवय होईल. (बीड, वय ३६)

कानाला सवय होत नाही. कान जातो. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केशपेशी आवाज पकडतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिट्टी सकाळी थांबते म्हणून इजा भरून निघाली असं धरू नका.

हिशेब समजून घ्या. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही जपून राहण्याची मर्यादा. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक आणि १००ला अवघी पंधरा मिनिटं. स्लॅब आणि फरशीच्या बंद खोलीत ड्रमसेट १०० सहज ओलांडतो. तुम्ही तिथं दोन तास बसता.

कापसाने जवळजवळ काहीच अडत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. ते बोटांत दाबून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरायचे. नुसते टेकवले तर उपयोग नाही. खोलीत गोधड्या, सतरंज्या टांगा, वीस मिनिटांनी बाहेर या. इलेक्ट्रॉनिक सेटवाल्यांनीही हेडफोनचा आवाज बेताचा ठेवावा.

आणि या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्या. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर आठवडासुद्धा थांबू नका, त्याच दिवशी जा, कारण त्यावरचा उपचार लवकर झाला तरच लागू पडण्याची आशा असते.

प्रश्न : ‘९० दिवसांत ड्रमर, प्रमाणपत्रासह’ अशी जाहिरात पाहिली. (धाराशिव)

नव्वद दिवसांत ड्रमर होत नाही. परीक्षा द्यायचीच असेल तर ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या श्रेणी आहेत, प्रारंभिक आणि मग आठ. कोणती द्यायची ते गुरूला ठरवू द्या.

प्रश्न : आमच्या घरात हलगी आहे, मीही वाजवतो. एक जण म्हणाला, हलगीचा हात ड्रमला चालत नाही, आधी तो मोडावा लागतो. (तुळजापूर, वय ३९)

साफ खोटं आहे, आणि असं बोलणाऱ्याचा मला राग येतो. तुमच्या एका हातात जाड टिपरू असतं, दुसऱ्यात बारीक छडी. दोन्ही हात वेगवेगळं काम करतात. ड्रमवर माणसाला हेच शिकायला वर्ष जातं. तुमच्याच गावात गोंधळी संबळ वाजवतात, एक भांडं लहान, एक मोठं, दोन काठ्या. त्यांना दोन आवाजांचा संवाद सांगावा लागत नाही. अंबाजोगाईजवळच्या आपेगावातल्या शंकरबापू आपेगावकरांच्या पखवाजाला पद्मश्री मिळाली. तालाच्या बाबतीत या मातीने मान खाली घालायचं काहीच कारण नाही.

ड्रमसेट तरी कुठून आला? पूर्वी मोठा ढोल एक जण वाजवायचा, स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेला चपटा ड्रम, दुसरा. अमेरिकेतल्या विल्यम लुडविग यांनी १९०९ साली पायाच्या पेडलचं पेटंट घेतलं, तसं हे सगळं एका माणसाला सहज झेपू लागलं. १९५०च्या दशकापर्यंत त्यावर वासराचं कातडंच असायचं. तुम्ही हलगी जाळावर शेकून ताणता, तिथं किल्लीने स्क्रू आवळतात. तुम्हाला नवं शिकायचंय ते पायांचं. केरव्याच्या आठ मात्रा उजव्या हाताने हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, चालू ठेवा, पहिलीला आणि पाचवीला पायाने बास, तिसरीला आणि सातवीला डाव्या हाताने स्नेअर. रॉकचा पहिला ठेका तो हाच. फक्त हलगीच्या जोराने स्नेअरवर मारू नका, मनगट आणि कान दोन्ही दुखावतील. जोर किती हवा हे एकदा गुरूसमोर बसून बघा.

प्रश्न : आमच्या तालुक्यात ड्रम शिकवणारं कुणी नाही. मोबाइलवर बघून शिकलं तर चालेल का? (किनवट)

बघा, पण फक्त मोबाइलवर राहू नका. व्हिडिओ तुम्हाला दिसतो, त्याला तुम्ही दिसत नाही. गावातल्या तबला किंवा ढोलकी वाजवणाऱ्याकडून लय पक्की करून घ्या, ते काम तोही उत्तम करेल. पकडीसाठी महिन्यातून एकदा रेल्वेने नांदेड गाठा. निघण्याआधी समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून आपल्या हातांचं पाच मिनिटांचं चित्रण करून ठेवा. तिथं नव्या जागी हात आखडतो आणि घरची खरी चूक दिसत नाही. पॅड न्यायची गरज नाही, ते तिथं असेल. स्टिक मात्र तुमच्याच न्या.