एसओ-50 सारख्या हौशी (हॅम) रेडिओच्या एफएम उपग्रहावर बोलताना कोणते संकेत पाळावेत?

आधी ऐका. एसओ-50 वर एका वेळी एकच स्टेशन बोलू शकतं आणि उपग्रह डोक्यावर असतो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. 436.795 मेगाहर्ट्झच्या आसपास तो स्पष्ट ऐकू येत नसेल तर पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबूच नका. तुम्ही कोणाचं बोलणं तोडताय हे तुम्हाला कळणारच नाही. सारखा सीक्यूही (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) नको. कॉलसाइन (तुमचं रेडिओवरचं ओळखनाव), ग्रिड (तुमच्या ठिकाणाचा नकाशावरचा कोड), झालं, बाजूला व्हा. हॅण्डहेल्डवरून (हातातल्या छोट्या रेडिओवरून) कोणी नवखा पुकारत असेल तर त्याला वाट द्या. माझ्या मते हे सर्वांत महत्त्वाचं. रोजच्या ओळखीच्या माणसांशी गप्पा एचएफवर (शॉर्टवेव्हवर) मारता येतात.

एओ-7 सारख्या लिनिअर ट्रान्सपाँडरवर (एका चॅनेलऐवजी अख्खा पट्टा पुन्हा प्रसारित करणाऱ्या यंत्रणेवर) अनेकजण एकदम बोलतात, पण पॉवर सगळ्यांत वाटली जाते. तुमचा सिग्नल बीकनपेक्षा (उपग्रहाच्या स्वतःच्या खुणेच्या सिग्नलपेक्षा) जोरात येत असेल तर पॉवर लगेच कमी करा. 1974 चा हा उपग्रह आता फक्त सौरऊर्जेवर चालतो.