वाचकांचे प्रश्न : अपडेट झाला आणि सोय गेली

प्रश्न : मी मुद्रितशोधनाचे काम करते. ज्या लेखन-सॉफ्टवेअरवर माझे सारे काम चालते, त्यात एकाच फाइलचे दोन भाग एकाच खिडकीत वर-खाली उघडून ठेवता येत असत. वर संदर्भसूची उघडी ठेवायची, खाली मजकूर वाचत जायचे आणि प्रत्येक क्रमांक जागच्या जागी ताडून पाहायचा, अशी माझी पद्धत होती. नव्या अपडेटनंतर ही सोय नाहीशी झाली. ग्राहक सेवेकडे विचारणा केली, तेव्हा रचना अधिक सुटसुटीत केली आहे एवढेच उत्तर आले. आता प्रत्येक क्रमांकासाठी फाइलच्या शेवटापर्यंत जाऊन परत यावे लागते. मी जुन्या सवयीला चिकटून बसले आहे, असे सहकारी म्हणतात. माझा त्रागा अनाठायी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. सवय मोडल्याचा त्रास आणि साधन काढून घेतल्याचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटणाची जागा बदलली, रंग बदलला, मेनूची मांडणी बदलली, तर चार दिवस चिडचिड होते आणि मग हाताला नवी सवय लागते. तुमच्या बाबतीत तसे झालेले नाही. जे काम एका नजरेत होत होते ते आता होतच नाही, आणि कितीही सराव केला तरी ते होणार नाही.

अशा सोयी का काढल्या जातात, हे समजून घेतले तर तक्रार नेमकी करता येते. बहुतेक कंपन्या कोणती आज्ञा किती वेळा वापरली जाते, याची मोजणी सॉफ्टवेअरमधूनच करतात. वर्ड २००३ च्या वापराची जी आकडेवारी मायक्रोसॉफ्टने जाहीर केली होती, तिच्यात पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि ठळक अक्षर या पाच आज्ञांचाच वाटा एकूण वापराच्या सुमारे ३२ टक्के होता. अशी यादी समोर असली की तळाशी राहिलेल्या आज्ञा निरुपयोगी वाटू लागतात. मात्र या मोजणीत एक मोठी उणीव आहे. तुम्ही सकाळी खिडकीचे दोन भाग करता आणि संध्याकाळपर्यंत ते तसेच ठेवता. दिवसभराचे काम त्या सोयीवर उभे असते. पण ती आज्ञा दिल्याची नोंद एकदाच होते. त्याच दिवशी ठळक अक्षराचे बटण कोणी पन्नास वेळा दाबले, तर त्याच्या नावावर पन्नास नोंदी जमा होतात. शिवाय आपल्या वापराची माहिती कंपनीला पाठवण्याची सेटिंग अनेक जाणकार लोक बंद ठेवतात, त्यामुळे साधनाचा सर्वांत खोलवर उपयोग करणारी माणसेच या मोजणीतून गळतात. तुमची सोय कोणी वापरत नव्हते, असा निष्कर्ष कोणी काढला असेल, तर तो मोजमापाच्या या दोषावर उभा असण्याची बरीच शक्यता आहे.

दुसरे कारण अधिक समजण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे ठिगळे लावत वाढलेला जुना कोड कधीतरी मुळापासून नव्याने लिहावा लागतो, आणि नव्या आवृत्तीत जुन्या सगळ्या सोयी पहिल्याच दिवशी आणणे कठीण असते. ॲपलने जून २०११ मध्ये फायनल कट प्रो हे चित्रसंकलनाचे सॉफ्टवेअर संपूर्ण नव्या रूपात आणले, तेव्हा अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र जुळवण्याची सोय त्यात नव्हती आणि जुन्या आवृत्तीतले प्रकल्पही त्यात उघडत नव्हते. ज्यांचा व्यवसायच त्यावर चालत होता ते संकलक संतापले, आणि ते संतापणे योग्यच होते. पुढे ॲपलला जुनी आवृत्ती पुन्हा विक्रीला काढावी लागली, आणि अनेक कॅमेऱ्यांची सोय जानेवारी २०१२ च्या सुधारणेत परत आली. सोनोस या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीने मे २०२४ मध्ये आपले ॲप नव्याने बांधले. त्यातून गजर आणि ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होण्याची सोय अशा रोजच्या वापरातल्या गोष्टी गायब झाल्या. जुलैमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी ग्राहकांची जाहीर क्षमा मागितली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पदावरून दूर झाले. विंडोज ११ मध्ये कार्यपट्टीवरच्या प्रत्येक खिडकीचे नाव वेगळे दाखवण्याची सोय २०२१ साली गेली होती, ती २०२३ मध्ये परत आली. तात्पर्य, तक्रार करून काही होत नाही हा समज खरा नाही. वेळ लागतो, हे मात्र खरे.

तक्रार कशी लिहावी, याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक तक्रारी येथेच वाया जातात. ‘जुने बटण परत द्या, नवी आवृत्ती भिकार आहे’ असे लिहिले तर ती तक्रार नाराजीच्या ढिगात जाऊन पडते. त्याऐवजी कामाचे वर्णन करावे. उदाहरणार्थ : ‘मी तीनशे पानांच्या पुस्तकाची संदर्भसूची मजकुराशी ताडून पाहते. आधीच्या आवृत्तीत सूची आणि मजकूर एकाच वेळी दिसत असल्यामुळे मला फक्त नजर वर-खाली करावी लागत असे. आताच्या आवृत्तीत प्रत्येक संदर्भासाठी फाइलच्या शेवटी जाऊन पुन्हा मूळ ठिकाण शोधावे लागते, आणि त्यात ओळ चुकण्याचा धोका आहे.’ याच्याबरोबर जुन्या व नव्या आवृत्तीचा क्रमांक आणि आपल्या संगणकाची प्रणाली लिहावी. अशा पत्राला सुटसुटीतपणाचे साचेबंद उत्तर देणे अवघड जाते; कारण त्यात कोणते काम अडले आहे हे दिसते, आणि ते काम दुसऱ्या मार्गाने करता येत असेल तर तो मार्ग सांगणेही वाचणाऱ्याला शक्य होते.

दरम्यान दोन गोष्टी करून पाहा. अपडेटसोबत बदलांचे जे टिपण प्रसिद्ध होते ते वाचा. काही वेळा सोय काढलेली नसते, तर दुसऱ्या नावाने दुसऱ्या मेनूत हलवलेली असते. तसे नसेल, तर फाइलची प्रत काढून ती केवळ वाचनासाठी शेजारच्या खिडकीत उघडता येईल. मूळ फाइलमधल्या दुरुस्त्या त्या प्रतीत आपोआप उतरत नाहीत, म्हणून संदर्भसूचीत बदल केला की प्रत नव्याने काढावी लागेल. हा तोडगा आहे, भरपाई नव्हे.

प्रश्न : माझ्याकडे हिशेबाचे एक सॉफ्टवेअर आहे. पुढच्या अपडेटमध्ये माझ्या उपयोगाचा एक अहवाल बंद होणार असल्याचे कळले आहे. मी अपडेट घेणेच थांबवले तर चालेल का?

उत्तर : काही काळ चालेल, कायमचे चालणार नाही. अपडेट पुढे ढकलण्याचा अवधी मिळत असेल तर तो जरूर घ्या आणि त्या अवधीत आपले जुने अहवाल साध्या, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या स्वरूपात बाहेर काढून ठेवा. मात्र सगळेच अपडेट बंद करणे धोक्याचे आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच त्रुटीतून जगभर पसरला, आणि ज्यांनी ती दुरुस्ती बसवलेली नव्हती असे संगणक त्याला बळी पडले. आपले हिशेब ज्या यंत्रावर आहेत त्याच्या बाबतीत हा धोका पत्करण्यासारखा नाही.

या संपूर्ण विषयात मला सर्वांत अन्यायकारक वाटते ती गोष्ट येथेच आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि सोयींमधले बदल एकाच पुडीत बांधून दिले, की ग्राहकाला निवड उरत नाही. कडू असले तरी आवश्यक औषध हवे असेल, तर त्याच्याबरोबर पुडीत जे जे घातले आहे ते सगळे गिळावे लागते. मग ‘स्वीकारतो’ या बटणावर केलेली क्लिक ही संमती राहत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अशक्य आहे असेही नाही. फायरफॉक्स ब्राउझरची दीर्घ मुदतीची एक आवृत्ती मिळते, तिच्यात सुमारे वर्षभर केवळ सुरक्षेच्या व महत्त्वाच्या दुरुस्त्या येतात आणि नव्या सोयींची उलथापालथ होत नाही. उबुंटू या प्रणालीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. आपल्या सॉफ्टवेअरची अशी स्थिर आवृत्ती आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारा.

जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. नवी आवृत्ती अनेकदा फाइल स्वतःच्या नव्या स्वरूपात बदलून ठेवते, आणि मग ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून अपडेट घेण्यापूर्वीच संपूर्ण बॅकअप घ्यावा, आणि तो उघडतो की नाही हेही पाहून घ्यावे. मोबाइलवर तर अधिक जपावे लागते. तेथे ॲप काढून टाकले की त्यातली माहितीही अनेकदा त्याच्याबरोबर जाते.

प्रश्न : वस्तू विकत घेताना जी सुविधा होती, ती नंतर काढून घेणे कायद्याला मान्य आहे का? मी पैसे त्या सुविधेसाठीच मोजले होते.

उत्तर : याचे उत्तर देशोदेशी वेगळे आहे, आणि खरेदीच्या वेळी आपण ज्या अटी मान्य करतो त्यांत बदलाचा अधिकार कंपनीने बहुधा राखून ठेवलेला असतो. तरीही हा अधिकार अमर्याद नाही. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रावर दुसरी संगणक प्रणाली, उदाहरणार्थ लिनक्स, बसवण्याची सोय होती. एप्रिल २०१० मधल्या अपडेटने सुरक्षेचे कारण देऊन ती काढली. अपडेट नाकारण्याची मुभा होती. पण नाकारणाऱ्याला कंपनीच्या ऑनलाइन सेवेत प्रवेश मिळत नसे. म्हणजे विकत घेतलेल्या दोन सोयींपैकी एक सोडणे भाग होते. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला, तो अनेक वर्षे चालला आणि अखेर २०१८ मध्ये ३७.५ लाख डॉलरची तडजोड झाली. त्या निकालापर्यंत त्या यंत्राची जागा पुढच्या पिढीच्या यंत्राने घेतलेली होती, हेही नमूद केले पाहिजे. न्याय इतका उशिरा मिळाला तर तो कामी येत नाही, म्हणून नियम आधीच स्पष्ट असणे महत्त्वाचे.

युरोपीय संघाने तसे नियम केले आहेत. २०१९ साली संमत झालेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या डिजिटल सेवांविषयीच्या निर्देशानुसार, दीर्घकाळ पुरवल्या जाणाऱ्या सेवेत करारापुरत्या आवश्यकतेपलीकडचा बदल करायचा असेल, तर करारात त्याची तरतूद आणि सबळ कारण हवे, ग्राहकावर जादा खर्च पडता कामा नये आणि त्याला बदल स्पष्टपणे कळवला पाहिजे. बदलामुळे वापरावर किरकोळ म्हणता येणार नाही असा प्रतिकूल परिणाम होत असेल, तर ग्राहकाला तीस दिवसांत करार विनामूल्य मोडता येतो. मात्र जुनी आवृत्ती जादा खर्चाशिवाय कायम ठेवण्याची मुभा कंपनीने दिली असेल, तर तो हक्क राहत नाही. मला ही तरतूद अत्यंत समंजस वाटते. ती कंपनीला बदल करण्यापासून रोखत नाही, फक्त गुपचूप आणि सक्तीने बदल करण्यापासून रोखते.

आपण कोणत्याही देशात असलात, तरी खरेदीच्या वेळची जाहिरात, वैशिष्ट्यांची यादी आणि पावती जपून ठेवा. ‘ही सोय होती’ हे तोंडी सांगण्यापेक्षा कंपनीच्याच शब्दांत दाखवता आले, तर परताव्याची मागणी बळकट होते. सुविधा काढून तीच पुढे जास्त दराच्या वर्गणीत दिली गेली असेल, तर तो तपशील तक्रारीत अवश्य लिहा.

प्रश्न : मी दुसऱ्या बाजूची आहे. एका लहान कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. एक जुनी सोय फार थोडे लोक वापरतात, पण तिच्यामुळे प्रत्येक बदलाच्या वेळी आम्हाला दुप्पट चाचण्या कराव्या लागतात. ती काढली तर आम्ही ग्राहकद्रोही ठरतो का?

उत्तर : नाही. प्रत्येक सोय सांभाळायला माणसांचा वेळ लागतो, आणि काही गोष्टी सोडल्याशिवाय लहान संघाला पुढे जाता येत नाही, हे ग्राहकांनीही समजून घेतले पाहिजे. आपण ती कशी काढता, यावर सगळे अवलंबून आहे. अनेक संकेतस्थळांवरचे नवे लेखन एकाच ठिकाणी वाचण्याची सोय देणारी रीडर ही सेवा बंद करण्याचे गूगलने मार्च २०१३ मध्ये जाहीर केले आणि १ जुलै रोजी ती बंद केली. निर्णयावर प्रचंड टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते; परंतु मधल्या साडेतीन महिन्यांत वाचकांना आपल्या संकेतस्थळांची यादी प्रमाणित स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या सेवेत नेता आली. निदान तेवढे तरी प्रत्येकाने करावे.

तुम्ही ती सोय आजच काढू नका. वापरणाऱ्याला ती उघडल्या क्षणी दिसेल अशी सूचना त्याच जागी द्या, कारण बदलांचे टिपण फार थोडे लोक वाचतात. तारीख सांगा, खरे कारण सांगा, आणि ‘सुटसुटीत’ हा शब्द टाळून सांभाळण्याचा खर्च परवडत नाही असे सरळ लिहा. ग्राहक ते ऐकून घेतात. त्या सूचनेखालीच उत्तर लिहायला जागा ठेवा आणि ही सोय आपण कोणत्या कामासाठी वापरता, एवढेच विचारा. आलेली उत्तरे वाचल्यावर त्यांतल्या चार-पाच जणांना प्रत्यक्ष काम करताना पाहा. त्यांचे काम पुरे करणारा दुसरा मार्ग तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये निघाला, तर सोय खुशाल काढा. न निघाला, तर ती काढण्याची तारीख पुढे ढकला.