मिस्सेत नको ते विचार येतात, मग मी पवित्र कशी होणार?

"ताई, दिवसभर कसलेही विचार येऊ देत, पण नेमके मिस्सेतच का येतात?" वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या इतक्या जणांनी मला हे विचारलंय की प्रश्न अर्ध्यावर असतानाच ओळखू येतो. मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना. विचारणारा बहुतेक वेळा भाविक असतो. ज्याला देवाचं सोयरसुतक नाही त्याला हा त्रास सहसा होत नाही.

रोझलिनची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला तिची परवानगी आहे. चाळिशीतली बाई, प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरची केळीची वाडी, थोडा मोगरा. चर्चच्या कोयरमध्ये लग्नाआधीपासून गाते. ईस्टरआधीच्या एका प्रायश्चित्तकाळात तिने ठरवलं की मटण-मासळी सोडणं दरवर्षीचंच झालं, यंदा आतून पवित्र व्हायचं. निश्चय चांगलाच होता. पण तो पाळायचा म्हणून तिने मनावर पहारा बसवला आणि तिथून सगळं बिघडत गेलं. ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून मिळणाऱ्या भाकरीच्या, रांगेत उभी राहिली की डोक्यात मरियामातेबद्दल एखादा घाणेरडा शब्द चमकून जायचा. ती रांग सोडून बाकावर परत यायची. मग पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे आपली पापं सांगणं. बाहेर आली की वाटायचं, एक शब्द सांगायचा राहिला. पुन्हा आत. आपल्या फादरांसमोर सारखं सारखं जायची लाज वाटायला लागली तशी ती रिक्षा करून शेजारच्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, जाऊ लागली.

तिच्या पर्समध्ये एक छोटी वही असायची. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून ती त्यात पापं लिहायची, तीही लाल पेनाने, कारण वह्या तपासताना तेच हातात असायचं. ती वही मी पाहिली. वर तारीख, खाली एकेक ओळ, आणि बऱ्याच ओळींपुढे प्रश्नचिन्ह. हे पाप आहे की नाही हे तिचं तिलाच ठरवता आलं नव्हतं, पण राहून जायला नको म्हणून नोंद केलेली.

हा मंत्रचळाचाच (ओसीडीचाच) एक प्रकार आहे. कुणी सारखे हात धुतं, कुणी सारखं मन. नको असलेले, किळसवाणे विचार साध्यासुध्या माणसांनाही येतात. 1978 साली रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी कसलाही आजार नसलेल्या लोकांना याबद्दल विचारलं, तेव्हा पाचांतल्या जवळपास चौघांनी असे विचार येतात असं सांगितलं. फरक पडतो तो विचार आल्यानंतर. बहुतेकांना तो येतो आणि जातो. रोझलिनसारखी माणसं त्याला धरून ठेवतात, तपासतात, पुसतात. डोळ्यात गेलेला कण चोळत बसावं तसं होतं, कण निघून गेला तरी डोळा लालच.

चर्चची शिकवणही इथे तिच्या बाजूची आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, ती तशी आहे हे पुरतं माहीत हवं आणि मनापासून संमती हवी. ज्या विचाराने घाम फुटतो त्याला संमती कुठली? मी तिला येशूसंघाचे संस्थापक संत, लोयोलाचे इग्नेशियस, यांच्याबद्दल सांगितलं. स्पेनमधल्या मोन्सेरातच्या मठात त्यांनी तीन दिवस लिहून लिहून पापनिवेदन केलं, आणि तरीही 1522 मध्ये मनरेसा गावी राहताना काहीतरी सांगायचं राहिलंय ही शंका त्यांना सोडेना. जीव द्यावा इथवर मजल गेली. देव सुटका करीपर्यंत जेवायचं नाही असं त्यांनी ठरवलं, तेव्हा तो उपास त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी मोडायला लावला. शेवटी जुनी पापं पुन्हा सांगायची नाहीत असं त्यांनी ठरवून टाकलं. रोझलिन म्हणाली, "संतांचंही असं होतं?" तिच्या डोळ्यांपुढे संत म्हणजे आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर प्राण दिलेले. अशा माणसाच्या डोक्यात फालतू विचार येत असतील हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

आधी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषध सुरू झालं. कुणाची झोप, जेवण, नोकरी यापायी बिघडत असेल तर नुसत्या प्रार्थनेवर किंवा नुसत्या माझ्यासारख्या सल्ला देणाऱ्यांवर थांबू नये. मग तिच्या परवानगीने मी तिच्या चर्चच्या फादरांशी बोलले. ठरलं ते असं: फादर एकच, पापनिवेदन महिन्यातून एकदा, वही नाही, राहिलेलं सांगायला परत येणं नाही. आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत काहीही डोक्यात आलं तरी रांग सोडायची नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. भीती चढते, टोकाला जाते आणि आपण काहीच केलं नाही तर आपोआप उतरते, हे नुसतं सांगून पटत नाही, रांगेत उभं राहूनच कळतं. तिच्या नवऱ्यालाही काम दिलं. रात्री ती विचारायची, "मी तसं काही बोलले नाही ना?" आणि तो बिचारा "नाही गं, नाही" म्हणत बसायचा. त्याने उत्तर द्यायचं बंद केलं. आठवडाभर घरात रुसवे-फुगवे झाले.

भीती नेमकी कधी चढते ते कळावं म्हणून मी तिच्याकडून रविवारची मिस्सा पायरी पायरीने ऐकत होते. सगळे एकमेकांना शांती चिंतून नमस्कार करतात त्या शांतीच्या अभिवादनाशी आलो. "उजवीकडे, डावीकडे, पुढच्यांना नमस्कार करते," ती म्हणाली.

"आणि मागे?"

"मागे थोरली जाऊ बसते."

वाडीच्या वाटण्या झाल्यापासून अबोला. टेम्पोची वाट कुणाच्या हिश्श्यातून जाणार यावरून. वहीत याची एक ओळही नव्हती. तेव्हा मी काहीच बोलले नाही. अशा माणसाच्या हाती नवं पाप दिलं तर तेही लाल पेनाने वहीत जातं. भीती बरीच उतरल्यावर एकदा तीच म्हणाली, "ताई, एवढं सगळं लिहिलं, पण जाऊबाईंचं कधी लिहिलं नाही. मला ते पाप वाटलंच नाही, मला वाटलं आपली बाजू खरी आहे."

आतली पवित्रता म्हटलं की आपण घाणेरड्या विचारांचा हिशेब मांडतो. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात अंतःकरणातून निघणाऱ्या गोष्टींची यादी आहे. तिच्यात व्यभिचार आहे, तसे लोभ, हेवा, निंदा आणि गर्वही आहेत. यादीतला हा उरलेला भाग आपण का गाळतो, कुणास ठाऊक. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याची फळं सांगितली, त्यातल्या सहनशीलतेचा नि ममतेचा कस बंद डोळ्यांनी कोपऱ्यात बसून लागत नाही, त्याला समोर माणूस लागतं. आणि अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर हे तर मत्तयच्या 5 व्या अध्यायात सरळच लिहिलंय.

तिने वाटेवरचा हक्क सोडावा असं मी सांगितलं नाही. क्षमा केली म्हणजे सातबारा फाडावा लागत नाही. ती मोगऱ्याची एक पुडी घेऊन जाऊबाईंकडे गेली. जाऊबाईंनी पुडी घेतली, पण आत या म्हणाल्या नाहीत. पुढच्या रविवारी रोझलिनने मागे वळून नमस्कार केला. जाऊबाईंनी मान हलवली की बाजूच्या मुलाला दटावलं, हे तिला नीट कळलं नाही.

यामुळे तिचे विचार थांबले असं मुळीच नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या होत्या आणि वेगळ्याच राहिल्या. विचार अजून अधूनमधून येतात, ती रांगेत उभी राहते, ख्रिस्तप्रसाद घेते. वाटेचं प्रकरण तहसीलदारांकडे आहे, पण तारखेला दोघी आता एकाच रिक्षाने जातात.