जुन्या घरभाड्याचं कलेक्शन: आधी कागद मागा, मग पैशाचं बोला

अमेरिकेत अपार्टमेंट सोडून तीन-चार वर्षं झाली की अचानक कलेक्शन एजन्सीचा, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या कंपनीचा, फोन येतो आणि मग मला मेल येतो. गोंधळ सगळ्यांचा तोच, म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतेय. कायदा राज्याराज्यात बदलतो, त्यामुळे हे वाचून लगेच चेक फाडू नका आणि लगेच भांडायलाही जाऊ नका.

प्रश्न: कलेक्टर म्हणतो पैसे भरले नाहीत तर अटक होईल आणि व्हिसापण जाईल. खरं का?

नाही. थकलेलं भाडं दिवाणी प्रकरण आहे, आणि अटकेची भीती घालणंच १९७७ च्या फेडरल कलेक्शन कायद्यात बसत नाही. फोनची तारीख, वेळ, काय बोलला ते लिहून ठेवा. व्हिसाची शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

प्रश्न: २,३४० डॉलरची नोटीस आलीय, आम्ही तर डिपॉझिटसुद्धा सोडून आलो होतो. सुरुवात कुठून करू?

नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी डिस्प्यूट, म्हणजे हे देणं मान्य नाही असं पत्र, पाठवा, सर्टिफाइड मेलने (आपल्या रजिस्टर्ड पोस्टासारखं). मग पुरावा पाठवेपर्यंत एजन्सीला वसुली थांबवावी लागते. (घरमालक स्वतःच मागत असेल तर हा फेडरल कायदा सहसा लागू होत नाही.) लीजची कॉपी, पूर्ण लेजर (भाड्याच्या खात्याचा उतारा) आणि डिपॉझिट कुठे वळतं केलं त्याचा हिशोब मागा. लेजर आलं की एकेक ओळ वाचा: शेवटच्या महिन्याचं भाडं ठीक, पण खाली री-लेटिंग फी (घर पुन्हा भाड्याने द्यायचा खर्च), मग क्लीनिंग, मग वापरून वापरून विरलेल्या कार्पेटच्या जागी नवीन कार्पेटची पूर्ण किंमत! रोजच्या वापराची झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. मधेच घर सोडलं असेल तर बहुतेक राज्यांत मालकाने नवा भाडेकरू शोधायचा प्रयत्न करायलाच हवा, रिकाम्या घराचं वर्षभराचं भाडं तुमच्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

प्रश्न: फोनवरचा माणूस खूप चांगला बोलला, म्हणाला आत्ता फक्त ५० डॉलर भरा, मी फाइल होल्डवर ठेवतो. पाच वर्षं जुनं आहे. भरू का?

थांबा! हे ५० डॉलर सगळ्यात महाग पडतात आणि लोक नेमके तेच आधी भरून मग मला विचारतात. इथे दोन वेगळी घड्याळं चालतात. एक क्रेडिट रिपोर्टचं (तुमच्या कर्ज-परतफेडीच्या नोंदींचं), साधारण सात वर्षांचं, पहिल्यांदा थकल्यापासून मोजायचं, ते पैसे भरल्याने परत सुरू होत नाही. दुसरं कोर्टाच्या मुदतीचं, म्हणजे किती वर्षांपर्यंत तुमच्यावर दावा लावता येतो, बऱ्याच राज्यांत तीन ते सहा वर्षं, काही ठिकाणी जास्त. आणि अनेक राज्यांत थोडे पैसे भरले किंवा देणं लेखी मान्य केलं की हे दुसरं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं! म्हणजे कोर्टात जायची मुदत संपत आलेली असताना तुम्हीच ५० डॉलर देऊन ती नवीन करून देता, आणि तो गोड बोलणारा माणूस हे तुम्हाला सांगणार नाही. "सात वर्षं झाली की कर्ज पुसलं जातं" हेही ऐकीव, पुसलं जातं ते फक्त रिपोर्टवरून. मुदत संपलेल्या देण्यासाठी कलेक्टरला दावा लावता येत नाही, तशी धमकीही देता येत नाही, हा नियम नोव्हेंबर २०२१ पासून स्पष्ट लिहिलेला आहे, पण बहुतेक राज्यांत मागणी मात्र करत राहता येते. फोनवर "हो हो ते माझंच" म्हणू नका, "लेखी पाठवा" एवढंच. तुमच्या राज्याची मुदत वकिलाकडून किंवा लीगल एडकडून (मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था) तपासून घ्या आणि मगच खिशात हात घाला.

प्रश्न: सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत तडजोड, किती टक्क्यांत होते?

ठरलेला रेट नाही. कर्ज एजन्सीने विकत घेतलंय की मालकासाठी कमिशनवर वसूल करतेय ते आधी विचारा, विकत घेतलेलं असेल तर घासाघिशीला सहसा जास्त जागा असते. एकरकमी देणार असाल तर खालून सुरुवात करा. रक्कम, तारीख, "याने पूर्ण देणं मिटलं" आणि रिपोर्टमधून काढणार की नाही (काढायचं बंधन त्यांच्यावर नसतं), हे सगळं पत्रात आल्याशिवाय एक डॉलर नाही, आणि बँक खात्यातून परस्पर काढायची परवानगी तर अजिबातच नाही. ६०० डॉलर किंवा जास्त माफ झाले तर १०९९-सी फॉर्म (माफ झालेल्या कर्जाचा टॅक्स फॉर्म) येऊ शकतो, सीपीएला (अकाउंटंटला) विचारा.

प्रश्न: क्रेडिट रिपेअरवाले (क्रेडिट रिपोर्ट सुधारून देतो म्हणणारे) आधी ७०० डॉलर मागतायत.

काम व्हायच्या आधी पैसे घ्यायला त्यांना कायद्याने बंदी आहे. नॉन-प्रॉफिट क्रेडिट काउन्सेलरकडे जा.

प्रश्न: माझा वाटा मी भरला होता, थकवलं रूममेटने.

लीजवर दोघांच्या सह्या असतील तर बहुधा पूर्ण रक्कम तुमच्याकडूनही मागता येते. रूममेटकडून वसूल करायचं ते वेगळं, स्मॉल क्लेम्समधे (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट). लीज वकिलाला दाखवा.

प्रश्न: कोर्टाचं समन्स आलंय, पण मुदत संपलीय, दुर्लक्ष केलं तर चालेल ना?

अजिबात नाही! मुदत संपलीय हे तुम्हीच कोर्टात सांगायचं असतं, जज आपणहून शोधत बसत नाही. उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो आणि मग पगारातून, बँकेतून पैसे कापले जाऊ शकतात. उत्तराची तारीख समन्सवरच असते, अनेकदा २०-३० दिवस. ती बघा आणि आजच वकील गाठा, मला मेल करून वाट बघत बसलात तर माझं उत्तर येईपर्यंत तारीख गेलेली असेल.